गणकाची नोकरी

संगणकशास्त्र घेतलेल्या मुलाला वीस वर्षांनी कोणता हुद्दा आणि किती वेतन मिळेल, ही चिंता आज बदलीच्या गावी संसार थाटलेल्या आमच्यासारख्यांच्या घरोघरी ऐकू येते. वस्तुतः हा प्रश्न नवा नाही. 'कॉम्प्युटर' हे यंत्राचे नाव होण्यापूर्वी माणसाच्या हुद्द्याचे नाव होते, आणि आपल्याच देशात एका गृहस्थांनी त्या कामात तीस वर्षे घालविली.

कलकत्त्याच्या हिंदू कॉलेजात शिकलेले राधानाथ सिकदर १८३१ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, त्रिकोणमितीय सर्वेक्षण खात्यात गणक म्हणून दाखल झाले. वेतन दरमहा तीस-चाळीस रुपयांच्या घरातले. थिओडोलाइटने मोजलेले कोन घ्यावयाचे, प्रकाशाच्या वक्रीभवनाचा व पृथ्वीच्या गोलाईचा हिशेब करावयाचा, आणि लॉगॅरिथमच्या कोष्टकांवरून अंतरे व उंची काढावयाची, हे त्यांचे काम. हे गणित जाणणारे विरळा; म्हणून त्यांचा पगार चढत गेला. परंतु डेप्युटी कलेक्टरच्या जागेची त्यांनी इच्छा धरली, तेव्हा वरिष्ठ एव्हरेस्टसाहेबांनी त्यांना सोडले नाही. ज्याच्यावाचून खात्याचे अडते त्याला बढती मिळते, सुटका मिळत नाही!

१८४३ साली देहरादूनच्या मॅजिस्ट्रेटने खात्याच्या मजुरांना वेठीस धरले, तेव्हा सिकदरांनी त्याला हरकत घेतली व दोनशे रुपये दंड सोसला. १८४९ साली ते कलकत्त्यास मुख्य गणक झाले. पंधराव्या क्रमांकाचे शिखर जगात सर्वांत उंच, हा निष्कर्ष निघाला तो त्यांच्या देखरेखीखालील गणितातून. १८५६ साली २९,००२ फूट ही उंची जाहीर झाली. शिखराला नाव मात्र एव्हरेस्टसाहेबांचे मिळाले. सिकदर १८६२ साली निवृत्त झाले व १८७० साली वारले. सर्वेक्षणावरील सरकारी ग्रंथाच्या १८५१ च्या आवृत्तीत त्यांच्या साहाय्याचा गौरवाने उल्लेख होता. १८७५ च्या आवृत्तीतून तो गाळला गेला.

पुढे कोष्टके गेली आणि गणकाचे नावही यंत्राने घेतले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील 'टिफ्रॅक' हे यंत्र १९६० साली चालू झाले. कोष्टकापुरतेच जाणणाऱ्याची विद्या कोष्टकाबरोबर संपली. त्यामागील गणित जाणणाऱ्याची संपली नाही. मुलांना आम्ही एवढेच सांगू. आपल्या मुलांनाही आज हाती असलेल्या यंत्रभाषेपेक्षा तिच्या मुळाशी असलेले गणितच अधिक काळ पोसेल.

आणि आम्हां अधिकाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे. आकडेमोड करणाऱ्याचे वेतन खाते ठरविते. त्याचे नाव राहते की पुसले जाते, हे मात्र कागदावर सही करणाऱ्याच्या हाती असते.