रेशमाचा आकडा

जायंट ट्रेव्हली, म्हणजे गळाने मासेमारी करणाऱ्यांची लाडकी 'जीटी', प्रवाळाच्या कडेला दबा धरून असते. २००६ साली जपानच्या तोकारा बेटांजवळ मिळालेली जीटी ७२.८ किलोची होती आणि तिची जागतिक विक्रम म्हणून नोंद झाली. अंदमानात तिच्यासाठी दीड-दीडशे ग्रॅमचे पॉपर फेकतात. पॉपर तोंडात घेतला की पहिल्या काही सेकंदांतच ती खडकाच्या कपारीकडे धावते. तिला तिथं पोचू द्यायचं नाही, आणि हे काम शेवटी अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या दोऱ्यावर येतं. इंग्रजीत त्याला ब्रेड म्हणतात. पाव नव्हे, वेणी.

अंदमानसाठी दोरा निवडताना मला सगळ्यात जास्त कुतूहल वाटलं ते रिळावरच्या आकड्याचं. ताकद पौंडांत मोठ्या अक्षरांत छापलेली असते, पण जपानी रिळांवर शेजारीच 'पीई ८' किंवा '८ गो' असतं. पीई म्हणजे पॉलिएथिलीन. हा गो येतो डेनियरमधून, आणि डेनियर हे रेशीम व्यापाऱ्यांचं माप. ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनियर. रेशमाचा एकेरी तंतू एवढा लांब घेतला तर साधारण एक ग्रॅम भरतो. जपानच्या मासेमारी-साहित्य उत्पादकांनी १ गो म्हणजे २०० डेनियर असं ठरवलं. म्हणजे ८ गोचा ९००० मीटर दोरा १६०० ग्रॅम भरायला हवा, आणि ३०० मीटरचं रीळ साधारण ५३ ग्रॅम. पौंडांचा दावा घरी तपासता येत नाही, वजन सोनाराच्या काट्यावरही तपासता येतं. म्हणून दोन कंपन्यांची तुलना करताना मी आधी गो बघतो, पौंड नंतर.

रेशीम इथे नुसतं मापापुरतं नाही. पूर्वी गळाच्या टोकाचा पारदर्शक दोरा सुरवंटाची रेशीमग्रंथी आम्लात भिजवून, ओढून काढत. जपानीत त्याला तेगुसु म्हणतात. आपण नायलॉनच्या दोऱ्याला तंगूस म्हणतो. दोन्ही शब्द एका दमात उच्चारून बघा.

समुद्रातल्या मोठ्या माशांसाठी मात्र रेशीम नव्हे, जवसाच्या झाडाचा धागा, म्हणजे लिनन चालायचं. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या कट्टीहंक बेटावरून त्या पीळदार दोऱ्याचं नावच 'कट्टीहंक' पडलं. त्याचा हिशेब सरळ होता: एका धाग्याला, ओला असताना, ३ पौंड. २४ धाग्यांचा दोरा ७२ पौंडांचा, ३९ धाग्यांचा ११७ पौंडांचा. लिनन भिजल्यावर जास्त मजबूत होतं, पण ओलं ठेवलं की कुजतं. दिवसभर मासेमारी झाली की शेकडो मीटर दोरा रीलवरून उतरवून वाळवायचा. १९३९ साली न्यूयॉर्कमध्ये इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशन स्थापन झाली, तेव्हाचे मोठमोठे मासे याच दोऱ्यावर काढलेले होते.

त्याच्या आदल्याच वर्षी ड्यू पाँट कंपनीने नायलॉन जाहीर केलं होतं. नायलॉन कुजत नाही, पण ताणतं. तुटण्याआधी ते पाव पट लांब होऊ शकतं. शंभर मीटरवरचा मासा वळला तरी हाताला उशिरा कळतं. पन्नाशीच्या दशकात विणलेलं डॅक्रॉन आलं, ते कमी ताणायचं. तरी बळ वाढवायचं तर जाडी वाढवायची, हे गणित काही सुटलं नव्हतं.

ते सोडवलं नेदरलँड्समध्ये डीएसएम कंपनीच्या पॉल स्मिथ आणि पीट लेम्स्ट्रा यांनी, १९७९ च्या सुमारास. पॉलिएथिलीन म्हणजे तेच, पिशवीचं प्लास्टिक. त्यातल्या रेणूंच्या लांबच लांब साखळ्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. त्यांनी अतिलांब साखळ्यांचं पॉलिएथिलीन गरम द्रावकात विरघळवून पातळ जेल केलं, म्हणजे गुंता सैल झाला, आणि मग तो धागा प्रचंड ताणला. गुंतलेल्या केसांना तेल लावून विंचरावं तसं. साखळ्या एका दिशेत आल्या आणि धागा वजनाच्या मानाने पोलादाला कितीतरी मागे टाकणारा झाला. डायनिमा तो हाच. अमेरिकेत स्पेक्ट्रा. बुलेटप्रूफ जॅकेटांतून आणि जहाजांच्या दोरखंडांतून तो नव्वदच्या दशकात गळापर्यंत पोचला.

या धाग्याची वेणी घालणारं यंत्र समजून घ्यायचं तर गोव्याच्या शिगम्यातला गोफ आठवावा. वरून लोंबणाऱ्या दोऱ्या हातात धरून निम्मे नाचणारे एका दिशेने फिरतात, निम्मे उलट, एकमेकांना आळीपाळीने आतून-बाहेरून ओलांडत. यंत्रातल्या धाग्यांच्या बॉबिन तेच करतात. नाचणारे चार असले तर चारपदरी दोरा, आठ असले तर आठपदरी. सारख्याच गोमध्ये चारपदरीतला प्रत्येक पदर जाड असतो, म्हणून तो घासायला कणखर पण खरखरीत. आठपदरी गोल आणि गुळगुळीत. रॉडच्या कड्यांतून कमी आवाज करत जातो आणि जड पॉपर लांब पडतो. दिवसभर फेकायचं असेल तर आठपदरीच घ्या.

पण या गुळगुळीतपणानेच नवी दुखणी आणली. हा धागा जेमतेम तीन-चार टक्के ताणतो, त्यामुळे प्रत्येक हिसका थेट गाठीवर येतो. नायलॉनच्या जुन्या गाठी यात सरकतात. रीलच्या तळाशी नायलॉनचे काही वेढे दिले नाहीत, तर अख्खा दोरा रीलवर गरगर फिरतो. तो दीडशे अंशांच्या आसपास वितळतो, म्हणून घर्षणाने गाठ भाजू नये यासाठी आवळण्याआधी थुंकीने ओली करायची. आणि ताणलेला असताना प्रवाळाला घासला तर ब्लेड लागल्यासारखा कापला जातो. म्हणूनच पुढे काही मीटर जाड नायलॉनचा लीडर लावतात, १३० ते १७० पौंडांचा, आणि दोन्ही जोडायला एफजी गाठ. तिच्यात ब्रेड लीडरभोवती नुसता आवळून विणलेला असतो, त्यामुळे कड्यांतून अडकत नाही.

आता आकड्याकडे परत. चांगला ८ गो साधारण १०० पौंडांचा, म्हणजे ४५ किलोचा. रीलचा ड्रॅग त्याच्या पाव ते एक तृतीयांश, ११ ते १५ किलो. यापलीकडे माणूस बोटीवर उभा राहू शकत नाही. मग उरलेली ३० किलो ताकद कशाला? गाठीसाठी, हिसक्यासाठी आणि खडकाला ओझरत्या लागलेल्या घासेसाठी.

दोरा तुटला तर नुकसान आपलं एकट्याचं नसतं. मासा तोंडात दोन मोठे गळ आणि मागे दोऱ्याचं शेपूट घेऊन जातो. ते शेपूट प्रवाळात अडकलं तर त्याची सुटका नाही. लिनन कुजायचं म्हणून लोक वैतागायचे, हा धागा समुद्रात कुजतच नाही. जिथं प्रवाळ उथळ आहे तिथं मी ८ ऐवजी १० गो घेतो. त्याच रीलवर मग ३०० ऐवजी २४० मीटर मावतो आणि पॉपर थोडा अलीकडे पडतो. मीटर कमी झाल्याचं दुःख नाही, कारण तशा जागी शंभर मीटर पळालेली जीटी एव्हाना कपारीत पोचलेली असते.