झेंडा खरा कशावरून?

मागच्या वेळी जुन्या पत्रांवर बोललो, तेव्हा एका श्रोत्याने विचारलं होतं की कागदाचं ठीक आहे, पण कापडाचं काय? प्रश्न चांगला होता, म्हणून आज कापडच घेऊ. तेही साधं नाही, तर पलटणीचं निशाण. उदाहरणं अमेरिकेतली घेणार आहे. एक तर तिथे या वस्तूंचा बाजार मोठा आहे, आणि आपल्या श्रोत्यांपैकी बरेच जण तिकडेच राहतात. रविवारी जुन्या वस्तूंच्या दुकानात शिरतात आणि मग मला फोटो पाठवतात.

१४ जून २००६ रोजी न्यूयॉर्कमध्ये सदबीजच्या लिलावात चार झेंडे विकले गेले. चौघांचे मिळून साधारण १ कोटी ७४ लाख डॉलर आले. हे झेंडे अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धातले, बॅनॅस्टर टार्लटन या इंग्रज घोडदळ अधिकाऱ्याने जिंकून नेलेले. एक होता शेल्डनच्या घोडदळाचा, जुलै १७७९ मध्ये पाउंड रिजच्या छाप्यात मिळालेला. बाकीचे तीन व्हर्जिनियाच्या पायदळाचे, २९ मे १७८० ला वॅक्सहॉजच्या लढाईत हाती लागलेले. त्यातल्या एकावर एक बीव्हर दातांनी झाड कुरतडतो आहे आणि खाली लॅटिनमध्ये ‘चिकाटीने’ अशा अर्थाचा शब्द आहे. हेच चित्र आणि हाच शब्द त्या काळच्या सहा डॉलरच्या नोटेवरही होता.

आता एवढे पैसे कशाचे? रेशमाचे तर नाहीत. ते झेंडे सव्वादोनशे वर्षं टार्लटनच्याच घराण्यात राहिले, मधे कुठे गेले नाहीत, पैसे त्याचे. शिवाय १७८२ मध्ये जोशुआ रेनॉल्ड्सने टार्लटनचं जे चित्र काढलं, त्यात जिंकलेली निशाणं रंगवलेली आहेत. म्हणजे वस्तू, घराणं आणि चित्र, तिघांचं बोलणं जुळतं. असा योग शंभरात एकदाही येत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

एरवी काय होतं? समोर एक फाटकं कापड येतं आणि त्याच्याबरोबर एक गोष्ट येते. ‘पणजोबांनी गेटिसबर्गवरून आणलं.’ माझा अनुभव असा की गोष्ट जितकी लांब, तितकं कापड नवं. (हशा) हसू नका, खरंच सांगतो.

तत्त्वज्ञानाचा माणूस आहे, म्हणून एक गोष्ट आधी स्पष्ट करतो. कापड तपासून झेंडा खोटा आहे हे सिद्ध करता येतं, पण खरा आहे हे सिद्ध करता येत नाही. पॉपरने विज्ञानातल्या सिद्धान्तांबद्दल जे म्हटलं, तेच इथे लागू पडतं. कापड फार तर ‘मी त्या काळचं आहे’ एवढं सांगेल. ‘मी अमुक पलटणीबरोबर अमुक मैदानात होतो’ हे ते एकट्याने सांगू शकत नाही. त्याला बाहेरचा साक्षीदार लागतो.

तरी कापडापासूनच सुरुवात करायची, कारण खोट्यांपैकी बहुतेक तिथेच गळतात. अतिनील दिवा घ्या, स्वस्तात मिळतो. अंधाऱ्या खोलीत झेंड्यावर धरा. आपल्याकडे पांढऱ्या कपड्यांना टिनोपॉल घालायचे ना, तशी चमक आणणारी द्रव्यं १९४० नंतरच धाग्यांमध्ये आणि साबणांमध्ये आली. त्या दिव्याखाली ती निळसर पांढरी उजळतात. पण थांबा, लगेच निकाल देऊ नका. एखाद्या सुनेने सासऱ्यांचा जुना झेंडा प्रेमाने डिटर्जंटमध्ये धुतलेला असू शकतो! मग खरा झेंडाही उजळेल. म्हणून शिवणीतला धागा बघायचा. कापड मंद आणि टाकेच तेवढे लखलखीत, तर तो धागा अलीकडचा. मग पुढचा प्रश्न असा की तो धागा मूळ शिवणीतला आहे की नंतरच्या दुरुस्तीतला? जुन्या झेंड्यांना जाळी आणि अस्तर लावून जपण्याची पद्धत होती. १९१४ मध्ये अमिलिया फाउलर आणि तिच्या हाताखालच्या बायकांनी फोर्ट मॅकहेन्रीच्या सुप्रसिद्ध झेंड्याला असंच अस्तर शिवलं. म्हणून तो झेंडा १९१४ चा ठरत नाही.

गळून पडलेला एखादा तंतू जाळून बघता येतो. लोकर आणि रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो, सुती धाग्याला कागदाचा येतो, आणि नायलॉन-पॉलिएस्टर वितळून त्याचा मणी होतो. मणी झाला की विषय संपला. मात्र झेंड्यातून धागा उपटायचा नाही. ते पाप आहे.

‘मशीनची शिवण दिसली म्हणजे खोटा’ असं बरेच जण सांगतात. ते चूक आहे. एलियास हाउचं शिवणयंत्राचं पेटंट १८४६ चं. १८६१ ला यादवी युद्ध सुरू झालं तेव्हा यंत्रं होती आणि झेंडे त्यांवर शिवले जात होते. संशय घ्यायचा तो नागमोडी, म्हणजे झिगझॅग टाक्याचा. तो बराच नंतरचा.

तारे मोजणं सगळ्यांना आवडतं. वेस्ट व्हर्जिनिया आलं आणि ४ जुलै १८६३ पासून ३५ तारे झाले, नेव्हाडा आलं आणि ४ जुलै १८६५ पासून ३६. सोपं वाटतं. पण १३ तारे दिसले की लोक थेट वॉशिंग्टनच्या काळात जातात. अहो, अमेरिकी नौदल लहान होड्यांवर १३ ताऱ्यांचे झेंडे १९१६ पर्यंत लावत होतं! १८७६ च्या शताब्दीला तर असे झेंडे मुद्दाम केले गेले. आणि आकार विसरू नका. संघराज्याच्या पायदळाचं निशाण सहा फूट बाय साडेसहा फूट. जनरल लीच्या सेनेतलं पायदळाचं निशाण चौरस, बाजू चार फूट. आज दुकानात मिळतो तो आयताकृती, तीन बाय पाचचा. त्यावर कुणी व्हर्जिनियातल्या पलटणीचं नाव रंगवून आणलं, तर नमस्कार करून निघावं.

आता सगळ्यात मजेचा भाग, म्हणजे झीज. नक्कल करणारा कापड मिळवतो, धागाही मिळवतो, पण झीज त्याला जमत नाही. तो चहात बुडवतो. चहाचा डाग सगळीकडे सारखा बसतो, शिवणीच्या आतही. खरा झेंडा उजेडाने विटतो, त्यामुळे जिथे उजेड पोचला नाही, त्या दुमडीच्या आत मूळ रंग गडद राहतो. खरा झेंडा काठीच्या बाजूला कमी आणि मोकळ्या टोकाला जास्त फाटतो, कारण वाऱ्यात तेच टोक फडफडतं. आणि भोकं! विकणाऱ्याच्या लेखी प्रत्येक भोक गोळीचं असतं. लीच्या सेनेच्या निशाणांत लाल-निळं कापड लोकरी आणि तारे सुती असत. कसर लोकर खाते, सूत सोडते. म्हणून निळा पट्टा चाळणी झालेला आणि तारे शाबूत, असं दिसलं तर ते कसरीचं काम. कडेने कात्रीने कापल्यासारखे सरळ तुकडे गेले असतील, तर तेही वाईट लक्षण नाही. लोक आठवण म्हणून तुकडे कापून नेत. मॅकहेन्रीच्या झेंड्याची लांबी मूळ ४२ फूट होती, ती आता ३४ च्या आसपास उरली आहे.

माझ्याकडे स्वतःकडे पाच-सहा आहेत. एकही लढाईत गेलेला नाही. ते युद्धानंतर म्हाताऱ्या सैनिकांच्या मेळाव्यांसाठी केलेले आहेत, आणि मी ते तसेच म्हणून घेतले. लबाडी झेंड्यात नसते. तो मेळाव्याचा झेंडा मैदानातला म्हणून विकणाऱ्याच्या तोंडात असते. निशाण धरणाऱ्याला बंदूक चालवता येत नसे आणि शत्रूचा नेम पहिल्यांदा त्याच्यावर. एक पडला की दुसरा उचलायचा. खोट्या कापडाला त्या पोरांची नावं चिकटवणं हे मला पैशाच्या फसवणुकीपेक्षा वाईट वाटतं.

साक्षीदार कागदाचा असेल तर तोही तपासायचा. पत्र खरं आणि झेंडा दुसराच, असं सर्रास होतं. पत्रात माप आहे का, ठिगळाचं, डागाचं वर्णन आहे का, जुना फोटो आहे का, हे बघायचं. दक्षिणेच्या पकडलेल्या निशाणांच्या बाबतीत एक सोय आहे. वॉशिंग्टनच्या युद्धखात्याने त्यांना क्रमांक दिले होते आणि ते पुष्कळदा कापडावरच टाकले होते. १८८७ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंडने ती परत द्यायचं ठरवलं, तेव्हा उत्तरेतले जुने सैनिक इतके खवळले की हुकूम मागे घ्यावा लागला. शेवटी १९०५ मध्ये काँग्रेसच्या ठरावाने ती त्या त्या राज्यांना गेली. त्यामुळे असं क्रमांकाचं निशाण खाजगी विक्रीला आलं तर पहिला प्रश्न ‘खरं का?’ हा नाही. ‘तुमच्याकडे कसं?’ हा आहे. आपल्याकडेही शंभर वर्षांवरची वस्तू घेताना १९७२ चा पुरावस्तू कायदा आधी वाचावा.

आणि हे सगळं जुळलं तरी भांडण मिटतंच असं नाही. ३ जुलै १८६३ ला गेटिसबर्गवर पिकेटची चढाई झाली. त्यात पहिल्या मिनेसोटा पलटणीच्या मार्शल शर्मन या शिपायाने २८व्या व्हर्जिनियाचं निशाण पकडलं. त्याबद्दल त्याला मेडल ऑफ ऑनर मिळालं. या पलटणीची आदल्याच दिवशी दुसऱ्या एका हल्ल्यात भयानक कत्तल झाली होती. ते निशाण आज मिनेसोटाच्या इतिहास संस्थेकडे आहे. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत व्हर्जिनियाच्या लोकांनी ते अनेकदा मागितलं, १९०५ च्या ठरावाचा दाखला दिला. मिनेसोटाने दरवेळी नाही म्हटलं. आमच्या माणसांनी रक्त सांडून मिळवलं आहे, असं त्यांचं म्हणणं. तिथे अतिनील दिव्याचा काही उपयोग नाही. निशाण खरं आहे याबद्दल दोन्ही बाजूंचं एकमत आहे, म्हणून तर ते दोघांना हवं आहे.

प्रश्न असतील तर घेऊ. फोटो दाखवायचा असेल त्यांनी कृपया शिवणीचा जवळून काढलेला दाखवा, चौकटीत लावलेला नको.