दोन फाळ आणि एक इशी

अमेरिकेहून सुट्टीवर आलेला माझा मावसभाऊ तिथे शेजाऱ्यांबरोबर धनुष्यबाणाने हरणाची शिकार करू लागला आहे. त्याने बाणाच्या फाळांचे दोन फोटो दाखवले. एकाची पाती पक्की जडवलेली. दुसऱ्याची मिटलेली, लागताक्षणी उघडणारी. "दादा, कुठला घेऊ?" आम्हां कारकुनाला काय कळणार! पण इतिहासाची खोड, लागलो वाचायला.

१९११ साली कॅलिफोर्नियात याही जमातीचा इशी एकटाच उरून बाहेर आला. त्याचे लोक बव्हंशी गोऱ्या वसाहतवाल्यांच्या कत्तलींत संपले होते. तो बाटलीच्या काचेचेही फाळ घडवी. त्याच्याकडून डॉक्टर सॅक्स्टन पोप धनुर्विद्या शिकले. १९१६ मध्ये इशी क्षयाने गेला. १९२३ च्या पोप यांच्या पुस्तकाने ही शिकार गोऱ्यांत पुन्हा रुजवली.

तोवर फाळ बहुतेक पक्काच. १९६९ मध्ये हॉलिस ॲलन यांना कप्प्यांच्या धनुष्याचे पेटंट मिळाले. बाण वेगवान झाला, तशी उघडी पाती त्याला वाऱ्यावर भरकटवू लागली. म्हणून मिटलेली पाती लोकप्रिय झाली. पण उघडताना त्यांचा जोर खर्च होतो, तिरकी लागली तर दगाही देतात.

बाण मारतो तो रक्तस्रावाने. घाव उथळ बसला तर जनावर तासन् तास तडफडते.

शिकारीच्या आदल्या दिवशी इशी मासे आणि तंबाखू वर्ज्य करी, सकाळी आंघोळ करी. अंगाला वास नको, सावजाच्या जवळ जाता यावे म्हणून. भावाला म्हटले, "पक्का घे. आणि आधी मासे सोडून बघ!"

तो गप्प झाला. समोर तळलेला बांगडा होता.