मेंढ्याचा दहावा हिस्सा

फुकट मिळालेल्या वस्तूचें मोल कोणी आपण होऊन देतो काय? श्रोतेहो, हा प्रश्न ऐकून शहरांतील व्यवहारी मनुष्य हंसेल. परंतु जुन्या चांदा म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यांतून २६ ऑगस्ट १९८२ रोजीं वेगळ्या निघालेल्या गडचिरोली जिल्ह्यांत, धानोरा तालुक्यांत, लेखा गांवाशेजारीं मेंढा नांवाचें लहानसें गोंड गांव आहे. त्यानें या प्रश्नाचें उत्तर कोणताही गाजावाजा न करितां दिलें आहे.

गांवाभोवतीं सुमारें १,८०० हेक्टर जंगल आहे. मोह, तेंदू, चारोळी, सरपण, बांबू हें सारें वाडवडिलांच्या काळीं हात पुढें केला कीं मिळे. पुढें वनखात्याचा अंमल बसला, आणि बांबू तोडण्याचा अधिकार भाडेपट्ट्यानें बल्लारपूरच्या कागद गिरणीकडे गेला. हें जंगल आपणच सांभाळावयाचें असें गांवानें मनावर घेतलें तेव्हां खर्चाचा प्रश्न आला. जंगल फुकट असलें तरी त्याची राखण फुकट होत नाहीं. वणवा विझविणें, गस्त घालणें, अर्ज लिहिणें, कचेऱ्यांत खेटे घालणें, यांत मजुरीचे दिवस बुडतात.

यावर मेंढ्याच्या ग्रामसभेनें ग्रामकोष उभारला. गांवच्या कामांतून ज्याला मजुरी मिळेल त्यानें तिचा दहावा हिस्सा कोषांत टाकावा, असें ठरलें. देवाजी तोफा यांच्यासारखे गांवकरी व मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे कार्यकर्ते अभ्यासगटांत बसून गोष्टींचा खल करीत. निर्णय मात्र ग्रामसभेचा असे. यांत सक्ती नाहीं काय, असें कोणी विचारील. शंका रास्त आहे. शेजाऱ्याची नजर हीही एक सक्तीच. पण या सभेंत बहुमत चालत नाहीं. सर्वांची सहमती होईपर्यंत चर्चा लांबते, मग तिला कितीही बैठका लागोत. म्हणजे देणाऱ्यानेंच आधीं स्वतःवर कर बसविला, आणि पैसा कशावर खर्चावयाचा हेंही त्यानेंच ठरविलें. अडल्या-नडल्याला याच कोषांतून कर्ज मिळतें व सावकाराचें दार टळतें.

योगायोग असा कीं गडचिरोली जिल्हा जन्मला त्याच १९८२ सालीं अमेरिकेंत असाच प्रयोग निराळ्या वस्तूवर चालला होता. ती वस्तु म्हणजे संगणकाची आज्ञावली, अर्थात् सॉफ्टवेअर. अँड्र्यू फ्लूगलमन यानें ‘पीसी-टॉक’ आणि जिम नॉफ यानें ‘पीसी-फाइल’ लिहिली. नक्कल खुशाल करा, मित्रांना द्या, उपयोगी वाटली तर पैसे धाडा, असें दोघांचें सांगणें. फ्लूगलमन २५ डॉलर मागे, नॉफ आरंभीं १०च. टपालानें इतके पैसे येऊं लागले कीं १९८४ सालीं नॉफनें आयबीएममधील नोकरी सोडली! तरीही वापरणारे पुष्कळ व देणारे थोडे, हें चित्र पालटलें नाहीं. पुढें या धर्तीच्या आज्ञावल्यांना ‘शेअरवेअर’ हें नांव पडलें, आणि अनेक कर्त्यांनीं विनंती सोडून मुदत घातली: इतके दिवस चालवा, मग पैसे भरा. ज्यांत बदल करण्याचीही मोकळीक असते त्या मुक्त सॉफ्टवेअरचे कित्येक कर्ते मात्र आजही वापरणाऱ्यांपुढें झोळीच पसरतात. घरांत एकटा बसून वापरणारा कोणाला दिसत नाहीं, आणि पैशाचें काय करावें हें त्याला सहसा कोणी विचारीतही नाहीं. मेंढ्यांत या दोन्ही गोष्टी उलट होत्या, आणि झोळीची गरज पडली नाहीं ती म्हणूनच.

२००६ च्या वनहक्क कायद्यान्वयें २००९ सालीं त्या जंगलावर मेंढ्याचा सामूहिक हक्क मान्य झाला. हक्क मिळाला, पण बांबू विकावयाचा तर वाहतुकीचा परवाना हवा, आणि तो मिळेना. अखेर २७ एप्रिल २०११ रोजीं केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितींत परवान्यांचें पुस्तक ग्रामसभेच्या हातीं आलें. मजुरीच्या दहाव्या हिश्शानें सुरू झालेल्या त्या गांवाकडे आतां बांबूच्या विक्रीचाही पैसा येऊं लागला. २०१३ सालीं मेंढ्यानें महाराष्ट्र ग्रामदान अधिनियम, १९६४ याखालीं ग्रामदान पत्करलें, आणि शेतजमिनीची मालकीही ग्रामसभेकडे सोपविण्याचें ठरविलें.