नायगावचे मोर

बीड शहर मागे टाकून मांजरसुंब्याचा घाट चढला आणि पाटोद्याच्या वाटेला लागले, की बालाघाटचे माळ सुरू होतात. उन्हाळ्यात येणाऱ्यास हा प्रदेश उजाड वाटतो. बोर, बाभूळ, हिवर, सीताफळ अशी काटक झाडे, त्यांमधून डोकावणारे काळे खडक, आणि आताशा डोंगरमाथ्यावर फिरणाऱ्या पवनचक्क्या. पाऊस पडला म्हणजे मात्र हे चित्र पालटते. गेल्या श्रावणात धर्मग्रामातील काही कुटुंबांसमवेत आम्ही पहाटेच नायगावला पोहोचलो, तेव्हा मोर दिसण्यापूर्वी त्याची केका ऐकू आली. थोड्या वेळाने ओढ्याच्या काठी पिसारा फुलवून उभा असलेला एक मोर दिसला आणि मुले गप्प झाली. प्रार्थनेच्या वेळीही आम्ही त्यांना इतके गप्प पाहिलेले नाही!

शेजारच्या बांधावर उभे असलेले एक वृद्ध शेतकरी आमच्याकडे पाहत होते. ते म्हणाले, “फादर, तुमाला मोर नाचताना दिसतोय. आमाला पेरलेलं उकरताना दिसतोय.” राष्ट्रीय उद्याने आणि अभयारण्ये यांच्या दीडशे वर्षांच्या इतिहासातील मुख्य भांडणच त्यांनी एका वाक्यात सांगितले. म्हणून हा लेखनप्रपंच.

राष्ट्रीय उद्यान ही कल्पना प्रथम अमेरिकेत रुजली. १ मार्च १८७२ रोजी राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी यलोस्टोनच्या कायद्यावर स्वाक्षरी केली आणि सुमारे नऊ हजार चौरस किलोमीटरांचा प्रदेश लोकांच्या हितासाठी व आनंदासाठी राखून ठेवण्यात आला. राजेरजवाड्यांच्या शिकारीसाठी राखलेली राने जगाला ठाऊक होती. सामान्य माणसाच्या आनंदासाठी राखलेले रान ही गोष्ट नवी होती. मात्र त्या ‘लोकां’मध्ये तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहणारे शोशोनी लोक मोजले गेले नाहीत. काही वर्षांतच त्यांना तेथून हलविण्यात आले, आणि १८८६ पासून तीसहून अधिक वर्षे उद्यानाची राखण लष्कर करीत होते.

आपल्याकडे प्राणिरक्षणाची राजाज्ञा याहून फार जुनी आहे, आणि योगायोग असा, की तिच्यात मोर आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाने आपल्या पहिल्या शिलालेखात मोकळेपणाने सांगून टाकले आहे, की पूर्वी राजाच्या मुदपाकखान्यात असंख्य प्राणी मारले जात. आता दोन मोर व एक हरीण एवढेच मारले जातात, त्यातही हरीण नेहमी नाही, आणि पुढे हे तिन्ही मारले जाणार नाहीत. सम्राटालाही मोराचे मांस एकाएकी सोडवले नाही, याची आम्हांस गंमत वाटते. (संत ऑगस्टीन यांनी तर कार्थेजमध्ये शिजविलेल्या मोराचे मांस वर्षभर ठेवूनही कुजले नाही, असे लिहून ठेवले आहे, पण तो विषय निराळा.)

आधुनिक अर्थाने भारतातील पहिले राष्ट्रीय उद्यान १९३६ चे, हेली नावाचे. आज ते कॉर्बेट म्हणून ओळखले जाते. महाराष्ट्रातील पहिले ताडोबा, १९५५ चे. पेंच, नवेगाव, गुगामल, बोरिवली आणि चांदोली धरून आज राज्यात सहा राष्ट्रीय उद्याने आहेत. त्यांपैकी एकही मराठवाड्यात नाही. पर्जन्यछायेतील या भूमीत दाट अरण्य थोडे, आणि जे माळरान आहे त्यावर माणूस व जनावर दोघांचीही भिस्त.

ज्या १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला, ते साल बीड जिल्ह्यात त्या कायद्यासाठी कोणी लक्षात ठेवलेले नाही. ते दुष्काळाचे साल. माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडीत होती, सुकडीवर दिवस काढीत होती. १९६३ साली राष्ट्रीय पक्षी ठरलेल्या मोराला दिल्लीत कायद्याचे कवच लाभत होते, तेव्हा बालाघाटच्या माळावर गुरांना चारा नव्हता.

पुढे डिसेंबर १९९४ मध्ये पाटोदा तालुक्यात नायगाव मयूर अभयारण्य घोषित झाले. क्षेत्र अवघे २९.८९ चौरस किलोमीटर. हे राष्ट्रीय उद्यान नव्हे, अभयारण्य आहे, हा भेद वाचकांनी ध्यानात घ्यावा. राष्ट्रीय उद्यानात गुरे चारण्यास कायद्याने पूर्ण मनाई आहे. अभयारण्यात परवानगीने व मर्यादेत चराईला वाव राहू शकतो. ज्या जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे घराला कुलूप लावून ऊसतोडणीसाठी बाहेर पडतात, तेथे मागे राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांना दोन शेळ्यांची चराई म्हणजे काय, हे आपणां शहरवासीयांना सहज उमगणार नाही.

माप चुकले म्हणजे काय होते, याचे उदाहरण शेजारीच आहे. सोलापूर व अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यांत १९७९ साली माळढोक पक्ष्यासाठी सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटरांचे अभयारण्य घोषित झाले. म्हणजे जवळजवळ यलोस्टोनएवढे! परंतु या नकाशात नांदती गावे, पिकती शेते, बाजारपेठा होत्या. जमिनीचे व्यवहार अडले, कामे रखडली, आणि बिचारा माळढोक लोकांच्या डोळ्यांत खुपू लागला. २०११-१२ च्या सुमारास, सर्वोच्च न्यायालयाच्या संमतीनंतर, हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरांवर आणण्यात आले. तोवर माळढोक फारच थोडे उरले होते. हेतू चांगला होता. त्याचा भुर्दंड मात्र पक्ष्याने भरला, असे आमचे स्पष्ट मत आहे.

नायगाव लहान आहे, हे म्हणूनच आम्ही त्याचे भाग्य समजतो. तरी मोराला सीमा ठाऊक नाही. तो बाजरीत शिरतो, भुईमुगाच्या ओळी उकरतो, आणि राखण करणाऱ्याची झोप जाते. आम्ही त्या आजोबांना विचारले, “मग तुम्ही काय करता?” ते म्हणाले, “हाकलतो. दुसरं काय? सरस्वतीचं वाहन हाय, मारायचं कसं?” जीप, दुर्बिणी आणि तिकिटे घेऊन मोर पाहायला जाणाऱ्या आपल्यासारख्यांच्या आनंदाची किंमत कोणीतरी असे जागून चुकती करीत असते, हे त्या दिवशी आमच्या ध्यानी आले.

ऊन चढले तसे मोर झुडपांत दिसेनासे झाले. आजोबांनी आम्हांला निंबाच्या सावलीत बसविले. आमच्या डब्यातले त्यांनी घेतले, त्यांची भाकरी व ठेचा आम्ही घेतला. अभयारण्यातून काहीही उचलून न्यायचे नाही, असे आम्ही मुलांना सकाळीच बजावले होते. परतताना त्यांच्या शेतात पडलेले एक पीस पाहून लहानगी थबकली आणि आमच्याकडे पाहू लागली. आजोबांनीच ते उचलले, धोतराच्या सोग्याने चिखल पुसला, आणि “हे आमच्या रानातलं हाय, घे,” म्हणत तिच्या हाती दिले.