विसमितेचे दान

विद्यापीठ म्हटले, की मोठी इमारत, ग्रंथालय आणि विद्यार्थ्यांनी गजबजलेले रस्ते डोळ्यांपुढे येतात. पण विद्यापीठच उठून एखाद्या गावाकडे शिकायला गेले तर? भंडारा जिल्ह्यातील पवनीला हा मान मिळाला आहे.

वैनगंगेच्या काठचे हे गाव. देवळांची येथे इतकी दाटी, की लोक त्याला विदर्भाची काशी म्हणतात. विणकरांचे गाव म्हणूनही त्याची जुनी ख्याती. येथील जगन्नाथ टेकडीकडे पिढ्यान्‌पिढ्या लोक देवदर्शनाला जात. पायांखाली काय दडले आहे, याची कुणाला कल्पना नव्हती. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून तेथे उत्खनन केले. डॉ. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी या विद्वानांच्या देखरेखीखाली मातीचा एकेक थर निघत गेला आणि आत सापडला विटांचा प्रचंड स्तूप! त्याचा व्यास सुमारे ३८ मीटर; सांचीच्या प्रसिद्ध स्तूपाहूनही किंचित अधिक.

स्तूपाभोवती दगडी कठडा होता. त्याच्या एका खांबावर मुचलिंद नाग कोरलेला आहे. भर पावसात बुद्धावर फणा धरणारा, तोच हा. कठड्यावर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत लहान लहान लेखही आहेत. त्यांत विजयाच्या गर्जना नाहीत. आहेत ती दान देणाऱ्यांची नावे.

त्यांतलीच एक विसमिता. लेख एका ओळीचा: हे विसमितेचे दान, ते सर्व जीवांच्या सुखासाठी होवो. ती कुणाची लेक, कुणाची सून, इतिहासाला ठाऊक नाही. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी तिने आपल्या गाठीचे काही दिले आणि स्वतःसाठी मात्र काहीच मागितले नाही.

विद्येची केंद्रे राजाज्ञेने उभी राहतात, असे आपण मुलांना पढवतो. पण भिक्षूंजवळ ना शेती, ना व्यापार. त्यांचे पठण चालले ते शेजारच्या घरांतून मिळणाऱ्या मूठभर अन्नावर आणि विसमितेसारख्यांच्या दानावर. विद्येचा शेजार म्हणतात तो हाच.

वाचकहो, दिवाळीच्या सुटीत मुलांना घेऊन जरूर पवनीला जा. देवदर्शन होईल, वैनगंगाही दिसेल. मग टेकडीपाशी घटकाभर थांबा आणि त्यांना विसमितेचे नाव सांगा.