टॉलपडलची शपथ

ख्रिस्ती मंडळींच्या मराठीत 'पाचारण' हा एक वजनदार शब्द आहे. एरवी आपण साक्षीदाराला पाचारण करतो, वैद्याला पाचारण करतो. त्यांच्या बोलीत मात्र पाचारण करणारा देव असतो, आणि ज्याला हाक आली त्याने ती जन्मभर निभावून न्यायची असते. ही हाक फक्त पाद्र्याला किंवा मठवासी संन्याशाला येते, अशी जुनी समजूत होती. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरने ती मोडली. चांभाराची आरी, कुळंब्याचा नांगर, मोलकरणीचा केरसुणीचा हात, हीही देवाने नेमून दिलेलीच कामे होत, असे त्याचे प्रतिपादन होते. ऐकायला हे गोड आहे. पण त्यातून एक अवघड प्रश्न निघतो. नांगर धरणे हे जर देवाचे काम, तर नांगर धरणाऱ्याच्या पोटावर पाय आणणाऱ्याशी देवाच्या माणसाने कसे वागावे? या प्रश्नाची पोथीतली उत्तरे पुष्कळ आहेत. आज आम्ही ज्याची हकीकत सांगणार आहोत, त्याने ते उत्तर पायांत बेडी घालून दिले.

इंग्लंडच्या दक्षिणेस डॉर्सेट परगण्यात टॉलपडल नावाचे खेडे आहे. जॉर्ज लव्हलेस हा तिथला शेतमजूर. जन्म १७९७चा. पहाटे नांगराला जायचे, आणि रविवारी पायपीट करून आसपासच्या खेड्यांत प्रवचन करायचे, असा त्याचा क्रम. जॉन वेस्लीने घालून दिलेल्या मेथडिस्ट पंथाचा तो बिनपगारी उपदेशक होता. शाळा फारशी झालेली नाही. पण पोटाला चिमटा घेऊन जमवलेली धर्मपर पुस्तके त्याच्या झोपडीत होती. (आमचेही शिक्षण गिरणीच्या फाटकावर आणि नगर वाचनालयाच्या बाकावर झालेले असल्यामुळे या पुस्तकांचा उल्लेख आला की आम्ही थोडे थांबतो.) मेथडिस्टांनी गरिबाला केवळ भजन शिकवले असे मानू नये. दहा-बारा जणांचा वर्ग, दर आठवड्याला प्रत्येकी एक पेनी वर्गणी, तिचा चोख हिशेब, चारचौघांत उभे राहून बोलण्याची सवय, हे सारे मजूर तिथे शिकला. युनियनला याहून वेगळे काय लागते?

आता मजुरीची गोष्ट. १८३०च्या सुमारास आजूबाजूच्या गावांत आठवड्याला दहा शिलिंग मिळत, आणि टॉलपडलचे मजूर तेवढेच मागत होते. मालक व मजूर समोरासमोर बसले. गावचा धर्मगुरू डॉ. वॉरन हा इंग्लंडच्या राजमान्य चर्चचा. तो मध्ये पडला आणि म्हणाला की, निमूटपणे कामावर जा. इतरांइतकी मजुरी तुम्हांला मिळेल, आणि मालक शब्दाला फिरले तर देवाला स्मरून मी तुमचा कैवार घेईन. मजूर कामावर गेले. पुढे मालक फिरले. मजुरी नऊवर आली, मग आठवर, मग सातवर. आणि सहाची भाषा सुरू झाली. मजुरांनी मॅजिस्ट्रेटांपुढे गाऱ्हाणे नेले, तेव्हा मालक देईल ते घ्या, असा निकाल मिळाला. धर्मगुरूला साक्षीची आठवण दिली, तर असे काही आपण बोललोच नाही, असे त्याने सांगितले. तोंडी समेटाची किंमत आमच्या धंद्यातल्या माणसाला कळायला वेळ लागत नाही. पण हा समेट देवाचे नाव घेऊन झाला होता, हे श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे.

१८३३च्या शरदात टॉलपडलला शेतमजुरांचा संघ निघाला. प्रवेश फी एक शिलिंग, आठवड्याला एक पेनी. हिंसेने हेतू साधत नाही, असे नियमांतच लिहिले होते. त्या काळच्या चालीप्रमाणे नव्या सभासदाच्या डोळ्यांना पट्टी बांधीत, सांगाड्याचे चित्र दाखवीत, बायबलातला उतारा वाचीत आणि संघाची गुपिते न फोडण्याची शपथ देत. हा थोडा नाटकीपणा होता खरा. पण सरकारला नेमके तेवढेच हवे होते.

कारण युनियन काढणे हा त्या वेळी गुन्हाच नव्हता! संघबंदीचे कायदे १८२४ साली रद्द झाले होते. म्हणून सरकारी वकिलांनी १७९७चा एक कायदा उकरून काढला. आरमारातल्या बंडाच्या वेळी बेकायदा शपथा रोखण्यासाठी तो केलेला होता. लव्हलेस आणि तो कायदा एकाच साली जन्मले होते. २४ फेब्रुवारी १८३४ रोजी जॉर्ज, त्याचा भाऊ जेम्स, थॉमस स्टँडफील्ड व त्याचा मुलगा जॉन, जेम्स हॅमेट आणि जेम्स ब्राइन, अशा सहा जणांना पकडून पायी डॉर्चेस्टरला नेले. खटला उभा राहण्यास हरकत नाही असे ठरवणाऱ्या ज्यूरीचा प्रमुख हा गृहमंत्री मेलबर्न याचा मेव्हणा होता. मार्चमध्ये शिक्षा झाली : सात वर्षे काळे पाणी. तुमच्या कृत्याबद्दल नव्हे, तर इतरांना जरब बसावी म्हणून ही शिक्षा आहे, अशा अर्थाचे न्यायाधीश बोलला, असे लव्हलेसने लिहून ठेवले आहे.

निकालाआधी तुरुंगात एक प्रसंग घडला. बचावाच्या वकिलाने त्याला बाजूला घेऊन विचारले की, युनियन सोडल्याचे वचन देशील आणि तीत कोण कोण आहे ते सांगशील, तर बायकामुलांकडे घरी जायला मिळेल. कबूल आहेस का? सोबत्यांचा विश्वासघात करू म्हणता? असे लव्हलेसने विचारले. वकील म्हणाला, होय, तेच. त्यापेक्षा वाटेल ती शिक्षा बरी, असे लव्हलेसने उत्तर दिले. हाच प्रश्न चहाच्या कपावर आमच्या माहितीतल्या कितीतरी पुढाऱ्यांना विचारला गेलेला आहे. त्यांतल्या काहींची उत्तरेही आम्हांला ठाऊक आहेत.

आता कोणी म्हणेल, ही मर्दुमकी झाली, यात देवाचा संबंध कोठे? संबंध शपथेशी आहे. एका धर्मगुरूने देवाला साक्ष ठेवून शब्द दिला आणि तो गिळला. त्याला कोणी कोर्टात खेचले नाही. सहा मजुरांनी देवाला साक्ष ठेवून शपथ घेतली आणि ती पाळली. ते काळ्या पाण्यावर गेले. पाचारण शब्दाचा वापरही दोन्हींकडून झाला आहे. ज्या स्थितीत हाक आली तीत माणसाने राहावे, अशा अर्थाचा पौलाचा उपदेश आहे, आणि मजुराला जागच्या जागी दाबून ठेवायला तो शतकानुशतके कामी आला. पण कापणी करणाऱ्यांची अडवलेली मजुरी देवाच्या कानी जाते, हे याकोबाच्या पत्रातले बजावणेही त्याच ग्रंथात आहे. लव्हलेसला दोन्ही वचने वाचता येत होती, हाच मालकांना जाच होता. त्याच्या स्वतःच्या पंथाचे धुरीण तरी कोठे त्याच्या बाजूचे होते? त्यांचा सगळा रोख राजनिष्ठेकडे होता.

बंदराकडे नेताना शहर आले, तेव्हा पहाऱ्यावरचा अंमलदार त्याच्या पायांतल्या बेड्या काढू लागला. खणखणाटाने गर्दी जमेल म्हणून. पुढे त्या पुन्हा घालायच्याच होत्या. लव्हलेसने त्या काढू दिल्या नाहीत. आपण निरपराध आहोत, मग बेडीची लाज कसली, असे तो म्हणाला.

तो टास्मानियात गेला, बाकीचे न्यू साउथ वेल्समध्ये. मागे राहिलेल्या बायकामुलांना गावच्या गरीबनिधीतून मदत नाकारण्यात आली. युनियनला पैसे देता आले, तर पोटही तुमचे तुम्ही भरा, असे उत्तर मिळाले. लंडनच्या कामगारांनी त्यांना पोसले. २१ एप्रिल १८३४ रोजी तिथे हजारोंचा मोर्चा निघाला. दोन लाखांवर सह्यांचा अर्ज मेलबर्नने त्या दिवशी हाती घेतला नाही. तरी रेटा चालू राहिला, आणि मार्च १८३६ मध्ये संपूर्ण माफी देणे सरकारला भाग पडले. लव्हलेस मात्र लगेच निघाला नाही. त्याने बायकोला तिकडे येण्याविषयी लिहिले होते. ती वाटेत असली तर येऊन कोणाला शोधील? तिचे पत्र येईपर्यंत त्याने फुकटचे जहाज सोडून दिले. १८३७च्या जूनमध्ये तो लंडनला पोचला.

कामगार संघटनांना कायद्याचे खरे संरक्षण इंग्लंडात १८७१ साली मिळाले. आपल्याकडे तर मद्रासच्या गिरणीमालकांनी वाडियांवर कोर्टाचा मनाई हुकूम आणला, तेव्हा आपले ना. म. जोशी यांनी १९२१ साली मध्यवर्ती विधिमंडळात हा प्रश्न मांडला, आणि कायदा झाला १९२६ला. तोवर आपले पुढारी त्याच पिंजऱ्यात उभे होते.

परत आलेल्यांना वर्गणीच्या पैशातून एसेक्समध्ये शेती घेऊन दिली होती. पुढे १८४४पासून पाच जण कॅनडात गेले. लव्हलेस तिथे शेती करी आणि रविवारी प्रार्थनेला जाई. जुन्या शिक्षेविषयी फारसे बोलत नसे. १८७४ साली तो वारला.

हॅमेट तेवढा टॉलपडलला राहिला. शपथविधीच्या रात्री तो तिथे नव्हताच, भाऊ होता, आणि भावाऐवजी तो गुमान शिक्षा भोगून आला, असे मानले जाते. म्हातारपणी दृष्टी गेल्यावर घरच्यांवर भार नको म्हणून तो डॉर्चेस्टरच्या गरीबखान्यात गेला आणि १८९१ साली तिथेच मेला. त्याच्या थडग्यावर कोरीव दगड बसला १९३४ साली. त्याच वर्षी ब्रिटिश कामगार संघटनांनी गावात वृद्ध शेतमजुरांसाठी सहा घरे बांधली. त्या सहा जणांची एकेकाची एकेक.